ओदेतच्या कॉलेजची मी केलेली चौकशी

सेंट बेनुआ, मेन
७ एप्रिल, सोमवार

तीर्थरूप नॉर्मंड दाजींना लिओनेल पेल्टिएचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, तुमची चूल आणि तुमची कुत्री मिनू, तिघांच्याही प्रकृती ठीक असतील अशी आशा आहे (हिवाळा तिघांनाही बाधतो असं ओदेत सांगते). इकडे आम्ही खुशाल. सौ. जर्मेनला पित्ताचा त्रास होतो, पण तो मी घरात असतानाच होतो, म्हणून डॉक्टरांनी औषध दिलेलं नाही. चार वर्षांत माझ्याकडून एक ओळ नाही आणि आज हे एवढं जाड पाकीट, त्यामुळे तुम्ही टपालपेटीपाशी उभ्या उभ्या म्हणाल, लिओनेलला काहीतरी हवं असणार. तर ते आधीच खोडून काढतो. मला काहीही नको आहे. मी फक्त हकिगत कळवतो आहे. मुलगी तुमची आहे, तिचं काय चाललंय हे तुम्हाला कळायला हवं, आणि नीट कळायला हवं तर ते माझ्याकडूनच.

अक्काच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तुमच्यामाझ्यात जे बोलणं झालं त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही. पोरीने शाळेसाठी गावात, आमच्याकडे राहावं हे मी म्हणालो ते बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. ज्या शब्दांत म्हणालो त्यांबद्दल जर्मेनचं मत वेगळं आहे. तो विषय संपला.

आता ओदेत. जूनमध्ये तिची शाळा संपते. पुढे काय, तर तिला जनावरांची नर्स व्हायचंय. तुम्हाला तिने नाताळात सांगितलं असेल, पण मुळात हे कसं ठरलं ते तिने सांगितलं नसणार, कारण ती स्वतःबद्दल बोलायला कंजूष आहे (तुमच्यावर गेली आहे, आमच्याकडे असा कोणी नाही). गेल्या सप्टेंबरात बटाटे काढायची सुट्टी लागली तेव्हा ती रोझेर मिशोच्या शेतावर कामाला जात होती. एका सकाळी त्यांची गाय अडली. जनावरांचा डॉक्टर सत्तर मैलांवर, आणि तो फोनवरून रोझेरला काय करायचं ते सांगतोय. रोझेरचा हात म्हणजे फावडं, ते काही आत जाईना. तेव्हा हिने बाही वर केली, कोपराच्या वरपर्यंत साबण लावला आणि डॉक्टर सांगेल तसं करत वासराचा दुमडलेला पाय सरळ केला. अर्ध्या तासाने वासरू उभं. डॉक्टर संध्याकाळी पोचला तेव्हा त्याला करायला कामच उरलं नव्हतं, म्हणून त्याने पाय खाऊन टाकला (सफरचंदाचा पाय, गैरसमज नको) आणि जाताना म्हणाला, "पोरी, दोन वर्षांचा कोर्स कर, सर्टिफिकेट आण, तुझी खुर्ची मी रिकामी ठेवतो." घरी आली ती जेवलीच नाही. नुसती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली होती. तेव्हाच मी ठरवलं, या मुलीचं कॉलेज मी स्वतः बघणार.

आणि बघितलं. टीव्हीवर एका खाजगी कॉलेजची जाहिरात लागते, तुमच्याकडे टीव्ही नाही म्हणून सांगतो. काचेची इमारत, पांढऱ्या कोटातली मुलगी, तिच्या कडेवर कुत्र्याचं पिल्लू, आणि मागून भारदस्त आवाज: आमच्या शंभरातल्या एक्क्याण्णव विद्यार्थ्यांना त्यांच्याच क्षेत्रात नोकरी! मी जर्मेनला म्हटलं, हे बघ, हे कॉलेज. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. साडेतीन तासांचा रस्ता. मी टाय लावला होता (माझ्याकडे एकच आहे, तुम्ही तो पाहिलेला आहे). जर्मेनने धिरडी आणि डुकराच्या मांसाचा क्रेतोन बांधून दिला होता, त्याचा वास त्या काचेच्या इमारतीत आमच्या आधी शिरला.

तिथं आम्हाला एक तरुण सल्लागार मिळाला. दात असे की पुढचं बोलणं ऐकूच येऊ नये. त्याने ओदेतला टोपी दिली, मला कॉफीचा मग दिला, आणि आम्ही बसायच्या आत एक कागद पुढे सरकवला, आजच सही केली तर अमुक सूट, तमुक सूट. आता दाजी, तुम्ही मला ओळखता. तीस वर्षं मी या खोऱ्यात टपाल वाटलं. टपाल कचेरीच्या भिंतीवर सरकार जे जे चिकटवतं ते ते मी वाचलं आहे, जे कोणी वाचत नाही तेसुद्धा, आणि निघायच्या आधी वाचनालयातून मी या विषयावरचं सरकारी पुस्तकही आणून वाचलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की ज्या कॉलेजातली मुलं सरकारी मदतीवर शिकतात, त्या कॉलेजने विचारेल त्याला आकडे दाखवायचे. किती आत आले, किती पुरे झाले, फी किती, अर्ध्यात सोडलं तर काय, आवारात चोऱ्यामाऱ्या किती. आणि हे सांगायला एक माणूस नेमून ठेवायचा, नावानिशी. मी त्या पोराला सरळ विचारलं, "शंभर आत जातात. सर्टिफिकेट घेऊन बाहेर किती येतात?"

"सर, आम्ही इथं एक कुटुंब आहोत," तो म्हणाला.

"कुटुंबाचं मला सांगू नकोस. आम्ही नऊ भावंडं. शाळा पुरी केली तिघांनी. तिघांची नावं सांगू?"

तो हसला. मग एक बाई आली, तीही हसली. मग त्यांचा कोणी वरिष्ठ आला, त्याने मला आणखी एक मग दिला. मी दोन्ही मग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, "मला तुमचा नेमलेला माणूस दाखवा." अर्धा तास तिथं धावपळ झाली. कोणालाच माहीत नाही, नेमलेला माणूस म्हणजे कोण. शेवटी कॉम्प्युटरमध्ये नाव सापडलं, मर्ल हिगिन्स. हा मर्ल हिगिन्स कुठं बसतो? तर गाड्या लावतात तिथल्या चौकीत. तो त्यांचा वॉचमन होता, दाजी. कायद्याला नाव हवं होतं, आणि सगळ्या इमारतीत कायम जागेवर सापडणारा हा एकटाच, म्हणून कोणीतरी त्याचं नाव घालून मोकळं झालं होतं.

मर्ल साठीचा, शांत माणूस. चौकीत हीटर, रेडिओ, आणि हरणाच्या शिकारीचं जुनं कॅलेंडर. मी आमचं काम सांगितल्यावर त्याने एकदा मला, एकदा ओदेतला पाहिलं, जेवणाचा डबा उचलला आणि त्याच्याखालची एक जाडजूड फाईल काढली. "चार वर्षं झाली," तो म्हणाला, "विचारायला आलेले तुम्ही पहिले. मी मात्र दोनदा वाचलीय. इथं दुसरं करायला काय आहे?"

त्याने पान उघडून बोट ठेवलं. जनावरांच्या नर्सचा कोर्स. दोन वर्षांचा कोर्स तीन वर्षांत पुरा करणारे: शंभरात तेवीस.

"आणि ते एक्क्याण्णव?" मी विचारलं.

"ते या पुऱ्या झालेल्यांतले, शंभरात. त्यातही कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसली तरी ती 'क्षेत्रातली' नोकरी." मग त्याने फाईल मिटली. "माझी पोरगी तशीच बसलीय. ती त्या एक्क्याण्णवात आहे. मांजराच्या वाळूच्या पिशव्या उचलून पाठ गेली तिची. मुलीला घरी घेऊन जा, साहेब."

मी त्याला एक मग देऊ केला. तो म्हणाला, माझ्याकडे अकरा आहेत. मग आम्ही तिघांनी चौकीत बसून धिरडी खाल्ली. वरून तो दातवाला पोरगा काचेतून बघत होता. ओदेतने त्याची टोपी हीटरवर वाळत घातलेल्या मर्लच्या मोज्यांशेजारी ठेवली आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर मी तिला तीन वेळा समजावून सांगितलं की मला पहिल्यापासून संशय होता. ती तिन्ही वेळा "हो मामा" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही सरकारी कॉलेजला गेलो, तेच विटांचं, दोन तासांवरचं, जिथल्या जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास येतो. तिथल्या विद्यार्थी मदतीच्या खिडकीत पॉलेट नाडो नावाच्या बाई बसतात. मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. टाय, वही, कायद्याचं कलम पाठ. पण बाईंनी मला तोंड उघडायलाच दिलं नाही. खुर्चीवर बसतो न बसतो तोच सगळे आकडे छापलेले पुढ्यात. शंभरात एकसष्ट पुरे होतात. उरलेल्यांतले बरेच दुसरीकडे शिकायला जातात, त्याचाही आकडा. पुस्तकांचा खर्च. आगीच्या कवायती किती झाल्या. गेल्या वर्षी आवारात झालेले गुन्हे: एक सायकल चोरीस, आणि तीही सापडली. मी खरं सांगतो, माझा थोडा विरस झाला. भांडायला काही जागाच ठेवली नव्हती. कोर्सच्या गोठ्यात चार गायी आणि एक म्हातारी घोडी, ओदेत त्या घोडीच्या मानेवर हात ठेवून अशी उभी राहिली की मी तिथल्या तिथे ठरवलं, हेच कॉलेज. (तिने आधी ठरवलं असं जर्मेन म्हणते. जर्मेन तिथं नव्हती.)

मग सरकारी मदतीचा अर्ज आला. ही मदत म्हणजे परत करायची नसते, कर्ज नव्हे, आणि ओदेतसारख्या मुलीला ती जवळजवळ पुरी मिळू शकते, असं नाडोबाई म्हणाल्या. अटी काय, तर नागरिक हवी, शाळा पुरी झालेली हवी, कोर्स मान्य हवा, आणि पुढे मार्क बरे हवेत. मी म्हटलं, बाई, या सगळ्यात ती बसते, लिहा. बाई म्हणाल्या, आता पालकांचं. मी म्हटलं, मी बसलोय ना समोर. चार वर्षं माझ्या घरात राहते, माझ्या ताटात जेवते, माझं सगळं गरम पाणी संपवते.

"आपण कोर्टाने नेमलेले पालक आहात का?"

"मी मामा आहे," मी म्हटलं. आमच्याकडे यावर कोणी पुढे बोलत नाही. पण सरकारला मामा हे नातंच ठाऊक नाही, दाजी. सरकारी हिशेबात मुलगी चोवीस वर्षांची होईपर्यंत आईबापांवरच अवलंबून, मग ती कुठंही राहो आणि कोणाचंही गरम पाणी संपवो. सुटका फक्त काही जणांना. बाई यादी वाचत गेल्या. लग्न झालंय? नाही. सैन्यात? नाही. स्वतःचं मूल? (ओदेतने बाईंकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचं चटकन वाचलं.) आईवडील दोघंही हयात नाहीत असं आहे का?

इथं मी एक गोष्ट कबूल करतो, कारण ती तुम्हाला ओदेतकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. मी मान खाली घातली, टाय सारखा केला आणि म्हणालो, "आई गेली... आणि वडील... वडीलही तसे... जंगलातच..." आणि मोठा सुस्कारा टाकला. खोटं एक अक्षर बोललो नाही, शब्द मोजून बघा. पण नाडोबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात ओदेतने टेबलाखाली माझ्या नडगीवर बूट मारला (आठ दिवस लंगडत होतो) आणि म्हणाली, "बाबा जिवंत आहेत. परवाच त्यांनी मला मूस हरणाचं मांस पाठवलंय. मामा, तूच खाल्लंस निम्मं." बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढचा अर्धा तास त्या फक्त तिच्याशी बोलल्या. एकंदरीत, मी तुम्हाला अर्ध्या मिनिटापुरतं मारलं होतं. तब्येतीवर काही परिणाम झाला असल्यास कळवावे.

मग लग्नाचा मुद्दा राहिला. मी काही आग्रह केला नाही. रविवारी चर्चनंतर रोझेर मिशोच्या थोरल्याला, गिल्बेरला, सहज विचारलं की संसाराबद्दल काही विचार केलायस का. एवढंच. त्या बिचाऱ्याने सोमवारी आमच्या अंगणातला बर्फ काढला, मंगळवारी परत काढला, आणि बुधवारी नवीन बर्फ पडलाच नव्हता तरी फावडं घेऊन हजर. ओदेतने खिडकीतून विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते थोडक्यात असं.

"मामा, मला जनावरांची नर्स व्हायचंय. बायको नाही."

"अगं, नुसतं कागदावर."

"मग तूच कर त्याच्याशी, कागदावर!"

आणि जर्मेन, जिने माझ्या बाजूने बोलायला हवं होतं, ती ओट्याला धरून इतकी हसली की पित्त उठलं. गिल्बेरला मी दोन्ही मग देऊन परत पाठवलं.

तर दाजी, हकिगत ही अशी. कॉलेज उत्तम शोधलं, आकडे तपासले, अर्ज पुरा भरला, सगळं मी मार्गी लावलं (जवळजवळ). तुम्ही कसलीही काळजी करू नये. पोरगी हुशार आहे, आणि तिच्या पाठीशी मी आहे. मिनूला बिस्किट द्यावं. जर्मेनचा तुम्हाला नमस्कार. लोभ आहेच, तो मध्यंतरी बोलून दाखवला नाही इतकंच.

आपला,
लिओनेल

ता. क. पाकिटात या पत्राखेरीज आणखी एक कागद आहे, तो चूल पेटवायला वापरू नये. अर्जाचं पालकांचं पान आहे. मी पेन्सिलने फुली केली आहे तिथं तुमची सही हवी, काळ्या शाईने. ओदेतने नाताळात मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, सरकारच्या कागदावर सही करणार नाही, तुमच्या आजोबांनी एकदा केली आणि बटाट्याचं शेत गेलं. ते मला ठाऊक आहे आणि त्यात चूक सरकारचीच होती. पण हा कागद काही नेत नाही. तुम्ही दरवर्षी कर खात्याला कमाईचा जो आकडा कळवता (कळवता, मला माहीत आहे, टपालवाला पाकीट उघडत नाही, पण तीस वर्षांनी पाकीट आपोआप बोलतं) तोच आकडा त्यांनी कॉलेजच्या अर्जाकडे पाठवावा, एवढीच परवानगी. ती नसेल तर नियम असा की बाप जिवंत असून अडून बसला, तर मुलीला मदत नाही, फार तर कर्ज. मी नाडोबाईंना तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनीच मला विचारलं, "तुम्ही वडिलांशी बोललात का?"

ता. क. दुसरा. नाही, बोललो नव्हतो. मार्चच्या अठ्ठावीस तारखेला मी स्नोमोबाईलने तुमच्या तळ्यापर्यंत आलो होतो. कागद कोटात होता. काय बोलायचं ते मी वाटभर घोकलं होतं आणि सगळे मुद्दे बिनतोड होते. खिडकीतून तुम्ही दिसलात. तुम्ही अक्काच्या बर्फावर चालायच्या पादुकांना नव्या वाद्या बांधत होता, आणि त्या आता कोणी घालत नाही. मी तळ्याच्या कडेला दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. जर्मेनला सांगितलं, बर्फ कच्चा होता. पायऱ्यांवर मी म्हणालो होतो की जंगलात पोर वाढवणं हे बापाचं काम नव्हे. ते चूक होतं. तुम्ही तिला शिकवलंत त्याच हाताने तिने ते वासरू काढलं. सही करा अगर करू नका, हे लिहायचं राहिलं होतं ते लिहिलं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी ओदेतने सगळं वाचलं आणि मला सांगितलं की कॉलेजांचे हे सगळे आकडे फोनवर कोणालाही दिसतात, तेही कायद्यानेच, आणि त्या काचेच्या कॉलेजचे तेवीस तिने फेब्रुवारीतच वाचले होते. मी म्हटलं, मग सात तास गाडीत बसून आलीस कशाला? तर म्हणे, मी सांगितलं असतं तर तू मानलं असतंस का? शिवाय तू टाय आधीच इस्त्रीला दिला होतास. खालच्या ओळी तिच्या अक्षरात आहेत, मी वाचलेल्या नाहीत (वाचल्या आहेत).

बाबा,
पत्र तुम्हाला गुरुवारी मिळेल. मी शनिवारी येते, चिखल असला तरी, आणि मामालाही घेऊन येते. या वेळी तो तळ्यापाशी थांबणार नाही, मी मागे चालेन. सही करून ठेवा. केलेली नसेल तर मामाला आठवडाभर तुमच्याकडे ठेवून मी एकटी परत जाईन.
ओदेत